शेवटचं पान आधी

“कागद हातात आला की शेवटचं पान आधी वाचायचं, बाय. पहिल्या पानावर नुसतं अभिनंदन असतं.”

लुईस सर असं म्हणाले तेव्हा दिपिका हसली, आणि हसता हसताच नऊ पानी कागदावर सही करून मोकळी झाली. हसू येण्यासारखंच होतं ते. लुईस सर वर्तमानपत्र मागून वाचत, लग्नपत्रिका मागून वाचत, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठीसुद्धा तळापासून वर वाचत. गिरीजला त्यांच्या केळीच्या वाडीतल्या घराच्या ओटीवर दिपिका चौदा वर्षं कॅरम खेळत होती. सरांची ही खोड तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की त्या खोडीमागे काही कारण असेल असं कधी तिच्या मनातही आलं नाही.

एरवी ती न वाचता सही करणाऱ्यांतली नव्हती. बोळिंजच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ती निजण्यापूर्वी गॅसचा नॉब दोनदा बघे. बाल्कनीच्या ग्रिलची कडी रोज हलवून बघे. चार वर्षांच्या खुशीला तापाचं औषध देताना बाटलीवरची तारीख दर वेळी नव्याने वाचे, जणू ती रातोरात बदलली असेल. बोर्डावर टाकायची पावडर मुलीच्या तोंडात गेली तर, या धास्तीने ती ओटीवर एक डोळा सोंगट्यांवर आणि एक खुशीवर ठेवून खेळे. हे पाहून सरांनी पावडरीचा डबा खिडकीतून उचलून उंच फळीवर ठेवला होता, आणि गुडघे दुखत असूनही तेव्हापासून ते दर डावाला स्टुलावर चढून तो काढत. दिपिकाचा नवरा संकेत म्हणे, “तू ना, वॉचमन पुरवायची एजन्सी काढ.”

पण त्या दिवशी पहिल्याच पानावर, परदेशातल्या कॅरम स्पर्धेसाठी ‘भारतीय महिला संघ’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली चौथं नाव तिचं होतं. सात वर्षं वाट पाहिली होती तिने. दोनदा राज्यात दुसरी आली, तेव्हा निवड हुकली. मग खुशी पोटात असताना बोर्डावर वाकता येईना, आणि खुशी झाल्यावर पुढची दोन वर्षं कंबर साथ देईना. आता ती एकोणतीस वर्षांची होती. चौथं नाव दिसल्यावर पुढची आठ पानं दिसलीच नाहीत.

बारा दिवसांनी पार्सल आलं. खुशीने ते दातांनी फाडलं. निळी जर्सी, पाठीवर ‘इंडिया’, त्याखाली नाव. संकेतने तिला ती तिथेच घालायला लावली, गोल फिरायला लावलं आणि स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉल केला. पार्सलच्या तळाशी वेगळ्या पिशवीत त्याच निळ्या रंगाच्या कापडाची एक घडी होती. दिपिकाला वाटलं, बोर्ड पुसायचं फडकं असेल. खुशीने ते जमिनीवर पसरून त्यावर बाहुली निजवली. मग पिशवीवरची चिठ्ठी संकेतने वाचली. फक्त महिला खेळाडूंसाठी, असं तिच्यावर लिहिलं होतं.

तेव्हा कुठे दिपिकाने ती नऊ पानं काढली आणि मागून उघडली. यजमान देशाच्या धार्मिक रीतीनुसार महिला खेळाडूंनी सामन्यांत आणि समारंभांत केस पूर्ण झाकणारा स्कार्फ बांधणे बंधनकारक राहील. त्याच्या खालचं कलम असं होतं, की संमती दिल्यानंतर माघार घेणाऱ्या खेळाडूला दोन वर्षं सर्व स्पर्धांतून वगळण्यात येईल. आणि त्याच्याही खाली तिची स्वतःची, आनंदाने थोडी वाकडी गेलेली सही.

संघटनेचे सचिव फोनवर सौजन्याने बोलले. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, नियम बदलणं आपल्या हातात नाही, इतर देशांच्या मुलीही बांधणार आहेत, असं त्यांनी समजावलं. शेवटी म्हणाले, “तुमच्याकडे बायका पदर घेतातच ना डोक्यावर? तसंच समजा.” दिपिकाची आई आयुष्यभर पदर घेऊन वावरली होती. दिपिकाने फोन ठेवून दिला आणि मग संध्याकाळभर चुकीच्या डब्यांत चुकीच्या डाळी भरल्या.

दुसऱ्या दिवशी शाहीन आली. शाहीन नालासोपाऱ्याची, संघातली पाचवी, म्हणजे राखीव. ती लहानपणापासून स्वतःचा पांढरा स्कार्फ बांधूनच खेळत आली होती. तिने पर्समधून तीन पिना काढल्या, दिपिकाला आरशासमोर बसवलं आणि निळं कापड असं काही बसवलं की दोघी दोन डाव खेळल्या तरी ते केसभर हललं नाही.

“बघ, किती इझी आहे. उगाच टेन्शन घेतलंस,” शाहीन म्हणाली.

खरंच सोपं होतं. आणि तिथेच दिपिकाची पंचाईत झाली. कापड सरकलं असतं, कानाला टोचलं असतं, नेम चुकला असता, तर नाही म्हणायला एक कारण मिळालं असतं. अडचण कापडाची नव्हतीच.

शाहीनने पिना काढून पर्समध्ये टाकल्या. मग म्हणाली, “एक सांगू? मी हे बांधते कारण मला बांधायचंय. माझी बहीण नाही बांधत, अम्मीने तिला कधी टोकलं नाही. उद्या कोणी नियम काढला की बांधलाच पाहिजे, तर मग माझ्या डोक्यावरचं पण माझं राहत नाही ना यार.” दारात चप्पल घालताना ती पुन्हा वळली. “याच्यापुढे मी बोलणार नाही. तू नाही गेलीस तर मी जाणार. मी जास्त बोलले तर वाटेल, हिला सीट पायजे.”

ती गेल्यावर दिपिका स्वयंपाकघरातून बाहेर आली तर खुशी बोर्डापाशी बसली होती. बाबाचा हातरुमाल डोक्याला गुंडाळून, हनुवटीखाली मुठीत धरून.

“आई, आता मला खेळायला घेतील?”

खुशीला खेळायला घेण्यासाठी आजवर कधीच काही लागलं नव्हतं. खुर्चीवर उशी ठेवली की झालं. दिपिकाने तो रुमाल सोडवला, घडी घातली आणि खुर्चीवर उशी ठेवली.

रविवारी ती खुशीला घेऊन माहेरी, चांदीपला गेली. बाबांना सांगायचं होतं. बळीरामबाबा काही अडवणार नाहीत, उलट जा म्हणतील, मग आपलंही मन ठरेल, असा तिचा हिशेब होता. भात निघून गेलेल्या वावरात वालाच्या शेंगा धरल्या होत्या. बाबा बांधावर बसून टोपलीतल्या शेंगा निवडत होते. तिने सगळं सांगितलं. स्कार्फ, सही, दोन वर्षं.

बाबांनी शेंगा निवडणं थांबवलं नाही. म्हणाले, “तुला ती नवरात्रातली फायनल आठवते?”

न आठवायला काय झालं? ती पंधरा वर्षांची होती. चांदीपच्या देवीच्या मांडवात मुलींची अंतिम फेरी होती. क्वीन कव्हर झाली होती, दोन सोंगट्या उरल्या होत्या आणि सगळा गाव भोवती उभा होता. लांबचा कट मारायला ती वाकली आणि खांद्यावरची ओढणी सरकून तिचं टोक बोर्डावरून फिरलं. सोंगट्या विस्कटल्या. पंचाच्या खुर्चीत गिरीजहून आलेला एक उंच, चष्मेवाला माणूस होता. शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या-बाटल्या धुण्याचं काम करणारा, पण कॅरममुळे तालुकाभर ज्याला सर म्हणत, तो. त्याने हात वर करून फाऊल दिला. ती हरली. पुढच्याच आठवड्यात त्या माणसाने बाबांना निरोप धाडला, की पोरीला दर रविवारी माझ्याकडे पाठवा. एवढं सगळं तिला ठाऊक होतं.

“त्येच्या पुढचं तुला कोनी सांगितलं नाय,” बाबा म्हणाले. “बक्षीस वाटून झाल्यावर तो मानूस मंडळाच्या लोकांसमोर उभा राहिला. मी व्हतो तिथं. म्हनला, पंचाच्या कागदावर मी सही केली तवा मागचं पान वाचलं नाय. देवीसमोर खेळायचं म्हनून पोरींना ओढनी सक्तीची, हे मला आज बोर्डावर कळलं. फाऊल तो फाऊल, मला द्यावा लागला. पन हा नियम तुमच्या कागदावर हाय तवर मी तुमच्या खुर्चीत बसनार नाय.”

“मग?”

“मग काय. हसले सगळे. नको बसू म्हनले. तीच मानसं तालुक्याच्या कमिटीवर. ह्येला राज्याचा पंच व्हायचं व्हतं, त्येला तालुक्याची चिठ्ठी लागते. ती काय शेवटपर्यंत आली नाय. तरी हा दर वर्षी स्कूटरवर यायचा. पोरींचे सामने बघायचा, मागं, लोकांत बसून. कोनी खुर्ची पुढं केली की उठून मूतखड्याचं कारन सांगायचा.” बाबा हसले. “नऊ वर्सं मूतखडा.”

“आणि नियम?”

“गेला कवातरी. कोनी काढला, कोनालाच याद नाय. आता पोरी टीशर्टात खेळतात. त्येंना वाटतं, पयल्यापासून असंच व्हतं.”

सरांना दिपिका कितीदा चिडवत आली होती. सर, राज्य पंचाच्या परीक्षेत नापास झालात की कॉपी करताना सापडलात? सर दर वेळी हसत आणि स्ट्रायकर पुसत. “मला का नाही सांगितलं बाबा, इतकी वर्षं?”

“त्येनं मना केलं व्हतं. म्हनला, पोरीला वाटंल तिच्यापायी झालं.” बाबांनी टोपली तिच्याकडे सरकवली. “आता मी काय सांगू, जा का नको जाऊ? मला कॅरममदलं काय कळतं. ह्या शेंगा ने. अर्ध्या त्येला दे.”

गिरीजच्या ओटीवर ती पोचली तेव्हा सर केळीच्या घडाला टेकू देऊन हात धूत होते. खुशी नेहमीसारखी धावत आत गेली आणि फळीखाली उभी राहून वर बघू लागली. दिपिकाने शेंगा ठेवल्या, वहीतलं पान फाडलं आणि तिथेच, बोर्डाच्या कडेला टेकून, सचिवांना पत्र लिहिलं. खेळायची माझी इच्छा आहे. पण माझ्या डोक्यावर काय असावं हे धर्माच्या नावाने मला कोणी सक्तीने सांगावं, हे मला मान्य नाही, म्हणून मी या स्पर्धेला जाणार नाही. संमती देताना मी शेवटचं पान वाचलं नव्हतं. ती चूक माझी आहे आणि तिची शिक्षा मी घेईन.

सरांनी पत्र हातात घेतलं आणि अर्थातच खालून वाचायला सुरुवात केली. आधी सही, मग तारीख, मग शिक्षा, मग चूक. वर ‘कोणी’ या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

“हा शब्द बरा घातलास,” ते म्हणाले. “यात सगळे आले.”

“बाबांनी सांगितलं सर. चांदीपचं.”

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. “बळीरामाच्या पोटात काही राहत नाही.” मग वाडीकडे बघत ते बोलले. “मी तुला फाऊल दिला होता, बाय. भरल्या गावात. पोर रडत होती आणि मी हात वर करून बसलो होतो. त्यापेक्षा खुर्ची सोडणं कितीतरी सोपं गेलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं? मी न वाचता सही केली होती, एवढंच.”

तिला आभार मानायचे होते. शब्द तोंडापर्यंत आले, पण इतक्या वर्षांच्या उपकाराला ते फार लहान वाटले. सरांनीच तिला सोडवलं. ते स्टुलावर चढले, डबा काढला आणि म्हणाले, “पावडर टाक. दोन वर्षं आहेत हातात, तुझा डावीकडचा कट अजून कच्चा आहे.”

पत्र गेलं. शिक्षेचं पत्रही वेळेवर आलं. संकेतने जर्सी इस्त्री करून कपाटात टांगली आणि त्याविषयी एक शब्द काढला नाही, याबद्दल ती आजही त्याचे उपकार मानते.

बातमी मात्र फुटली. त्यांच्या कॉम्प्लेक्सच्या उत्सव मंडळाचा विकी मोबाईलवर बॅनरचा नमुना घेऊन आला. दिपिकाचा फोटो, मागे ज्वाळा, खाली विकीचा त्याहून मोठा फोटो. “ताई, एक नंबर. त्यांची जिरवलीत तुम्ही. गेटवर लावतोय, सत्कार पण ठेवू.”

कोणाची जिरवली, असं दिपिकाने विचारलं. विकी नुसता हसला. मग तिने त्याच्याच मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशीच्या महिला कॅरम स्पर्धेचा फॉर्म मागितला आणि तो उलटा केला. शेवटची ओळ अशी होती, की आपल्या धर्मसंस्कृतीस अनुसरून सर्व भगिनींनी साडी नेसूनच यावे, अन्य पेहरावात खेळता येणार नाही. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ताई, ते वेगळं. ते आपलं आहे.”

“त्यांचं त्यांना आपलंच वाटतं, विकी. आधी हे काढ. मग सत्कार बघू.”

बॅनर लागला नाही, सत्कारही झाला नाही. पण पुढच्या आठवड्यात लिफ्टपाशी फॉर्म ठेवलेले दिसले. छापलेले वाया जाऊ नयेत म्हणून प्रत्येक फॉर्मच्या शेवटच्या ओळीवर हाताने काळी रेघ मारलेली होती. दीडशेएक रेघा. विकीने त्या एकट्याने मारल्या, असं वॉचमन सांगत होता. दिपिकाने त्याला घरी बोलावून पोहे खाऊ घातले.

स्पर्धेच्या चार दिवसांत तिने टीव्ही लावला नाही की फोन उघडला नाही. पाचव्या दिवशी शाहीनचा फोटो आला. संघ तिसरा आला होता. चौघी झेंडा धरून उभ्या होत्या. तिघींच्या डोक्यावर निळं कापड आणि शाहीनच्या डोक्यावर तिचा नेहमीचा पांढरा स्कार्फ. खाली लिहिलं होतं, ‘त्यांचा नाही बांधला. माझा बांधला. कोणी काय नाही बोललं. पुढच्या टायमाला दोघी.’ दिपिकाला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. वाटलंही, थोडंसं, तो झेंडा बघताना. पण त्याहून जास्त असं वाटलं की जगात आपल्याला हवी तशी माणसं आहेत, आणि ती फार लांबही राहत नाहीत.

शिक्षा सुरू होऊन आता सव्वा वर्ष झालं. डावीकडचा कट सुधारला आहे. नऊ महिने उरलेत.

पण सरांचं वय आता चौऱ्याहत्तर आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा फ्लॉईड परदेशात असतो, तो रोज फोन करतो, आणि सर त्याला रोज उत्तम आहे म्हणून सांगतात. गेल्या महिन्यात दिपिकाने त्यांना भिंत धरून ओटीच्या पायऱ्या उतरताना पाहिलं. विचारलं तर म्हणाले, मूतखडा.

आणि नेमक्या आत्ता खुशीला कांजिण्या आल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या घरी हा संसर्ग न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणजे आणखी दोन रविवार दिपिका गिरीजला जाऊ शकत नाही. संकेतही याच घरात निजतो-उठतो, म्हणून तोही नाही. ती फोन करते, सर उचलतात, उत्तम आहे म्हणतात. तिचा विश्वास बसत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांत कोणी त्या बाजूला राहत असेल, किंवा गिरीजच्या वाड्यांवर भाजी-केळी घ्यायला जाणारं असेल, तर दिपिकाचं एवढं मागणं आहे. लुईस सरांचं घर विचारा, कोणीही दाखवेल. ओटीवर जा आणि एक डाव मागा. तब्येत विचारू नका, खोटं सांगतील. बोर्डाकडे बघा. त्यावरचं कापड काढलेलं असेल आणि पावडर ताजी पसरलेली असेल तर सगळं ठीक आहे, निवांत खेळा, ते तुम्हाला हरवतील. बोर्ड झाकलेलाच असेल, तर बोळिंजला तिला कळवा. आणि कसंही असो, फळीवरचा तो डबा तुम्हीच काढून द्या. त्यांना स्टुलावर चढू देऊ नका.